शेवटपर्यंत बसलेला माणूस

आमचा बँड बंद पडला. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचताना तुम्ही उगाच आशा लावून बसाल. आशा लावून बसणं काय असतं ते आम्ही तिघांनी बघितलंय, पुरे झालं तेवढं.

तिघं म्हणजे एक ती, फणसवाडीची. गाणी लिहिणार तीच, गाणार तीच, गिटारही तिचीच. ड्रम्सवर लालबागचा एक. त्याच्या घरात ड्रम ठेवायला जागा नव्हती म्हणून तो लोडांवर काठ्या आपटून प्रॅक्टिस करायचा आणि त्याची आई म्हणायची, "बडव, बडव, पिंजाऱ्याचे पैसे वाचले." आणि बेसवर मी, परळचा. बेस म्हणजे ती चार तारांची जाड गिटार. ती वाजत असते तेव्हा कुणाला ऐकू येत नाही, बंद पडली की सगळे विचारतात काय गेलं म्हणून.

आमची गाणी मराठीत होती. म्हणजे भावगीत वगैरे नाही हां, चांगली डिस्टॉर्शन लावलेली, कान फाडणारी गाणी, पण शब्द घरातले. तिचं एक गाणं होतं लिफ्टवर. चाळ पाडून टॉवर झाला, आणि ज्या काकूंच्या घरात आज कुठली आमटी आहे ते आपण वासावरून सांगायचो, त्या काकू आता लिफ्टमध्ये मान वर करून मजल्यांचे आकडे बघत उभ्या राहतात. बस, एवढंच गाणं. शेवटी ती नुसते आकडे म्हणायची. सहा, सात, आठ, नऊ... हळूहळू आवाज चढत जायचा आणि तेरावर पोचेपर्यंत ती ओरडत असायची. मी ते गाणं किती वेळा वाजवलं असेल देव जाणे, पण अकराच्या आसपास माझ्या अंगावर काटा यायचाच. दर वेळी! बढाई मारत नाहीये, मी नुसता बेस वाजवत होतो, गाणं तिचं होतं.

वाजवायचो कुठे, तर परळला एका बंद गिरणीच्या आवारात. पुढे सगळी काचेची ऑफिसं, त्यांच्या मागून वळून गेलं की एक खोली. भिंती काळ्या रंगवलेल्या, एसीचं पाणी बरोबर गिटारच्या स्पीकरवर ठिबकणार, आणि स्टेज म्हणजे घोट्याएवढ्या उंचीची फळी. रविवारी संध्याकाळी तिथे गिग्स व्हायच्या. कार्यक्रम म्हटलं की हारतुरे डोळ्यांसमोर येतात, म्हणून आम्ही गिग म्हणायचो. एका संध्याकाळी तीन-तीन, चार-चार बँड. साठेक माणसं आली की खोली भरली. मला ती खोली इतकी आवडायची की ऑफिसात सोमवारपासून माझं मन तिथे जाऊन उभं राहायचं.

तर एका रविवारी काय झालं, दोन गाण्यांच्या मध्ये तार जुळवता जुळवता तिने माइकवर सहज विचारलं, "आज इथे पहिल्यांदाच कोण आलंय? हात वर करा बघू."

एक हात वर नाही. मग मागून दुसऱ्या एका बँडचा गिटारवाला ओरडला, "मी!" आणि सगळे खदाखदा हसले, कारण तो प्रत्येक गिगला असतो. तीपण हसली. पण मी शेजारीच होतो ना, मला दिसलं, तार जुळवताना तिची बोटं थांबली होती.

गिग संपल्यावर आम्ही बाहेर चहाच्या टपरीवर उभे होतो. ती म्हणाली, "बघितलंस?"

"काय?"

"एकही हात वर नाही आला."

"पण गर्दी केवढी होती गो," ड्रमर म्हणाला. "तुझ्या लग्नाला पण एवढे येणार नाहीत."

"लग्नच आहे हे. तू माझ्या लग्नाला आलास, मी तुझ्या लग्नाला येते. तू आहेर केलास, मी परत करते. ऐकतंय कोण ह्यात? समोर उभे असलेले सगळे बँडवाले. ते आपलं ऐकत नाहीत, आपण कधी संपवतो ते बघत असतात. आणि आपण तेच करतो रे त्यांच्या वेळी!"

हे खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. त्या खोलीतल्या जवळजवळ प्रत्येक माणसाचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. उरलेले कुणाच्या तरी बहिणी, कुणाचे ऑफिसातले मित्र असणार.

"मग काय करायचं म्हणतेस?" मी विचारलं.

ती ग्लास टेकवत म्हणाली, "एक माणूस. आपल्या तिघांपैकी कुणी ओळखत नाही असा. शेवटच्या गाण्यापर्यंत थांबला पाहिजे. गाणं अनोळखी माणसाला लागलं तर गाणं, नाहीतर ह्या नुसत्या आपापसातल्या गप्पा आहेत. गप्पा मी वाडीच्या गॅलरीत पण मारते."

"ह्यां काय नवीन आता?" ड्रमर म्हणाला. "आणि नाय गावलो तर?"

"तर मी बंद करणार."

"आणि सापडला तर?" मी विचारलं.

"तर म्हातारी होईपर्यंत गाईन. वैतागशील तू."

आम्ही दोघं हसलो. तिने हसायला तोंड उघडलं आणि नाही हसली.

त्यानंतर त्या खोलीत आमच्या दोनच गिग्स झाल्या. एकदा एक उंच, दाढीवाला, कधीच न बघितलेला माणूस भिंतीला टेकून पूर्ण वेळ उभा होता. मी वाजवता वाजवता वेडा व्हायचा बाकी होतो, तिला भुवयांनी खुणा करतोय, बघ बघ. नंतर कळलं, तो आमच्या पुढच्या बँडच्या गायिकेचा नवीन बॉयफ्रेंड. तिची वाट बघत होता. आणि मग ती खोलीच गेली. तिथे आता मोठे टीव्ही लावलेत, लोक बिअर पीत मॅच बघतात. बाकीच्या ठिकाणी फोन केले तर पहिला प्रश्न हाच, "मराठी? ओरिजिनल? थोडे ओळखीचे हिंदी हिट्स पण कराल ना?"

म्हणून दादरच्या हॉलची आयडिया. ती माझी. आई तिथल्या महिला मंडळात आहे, तिच्या ओळखीने एका रविवारची दुपार मिळाली. सकाळी वधूवर मेळावा, संध्याकाळी सातला नाट्यसंगीत, मधला वेळ आमचा. हॉलच्या ऑफिसातले काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "कार्यक्रम कसला?"

"गाण्यांचा."

"कुणाची गाणी?"

"आमचीच. आम्हीच लिहिलेली."

"स्वरचित!" ते एकदम सरळ बसले. "वा! हल्लीच्या मुलांत हे राहिलं नाही हो."

दोन दिवसांनी हॉलच्या दारातल्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं, 'स्वरचित मराठी गीतांचा सुश्राव्य कार्यक्रम. प्रवेश विनामूल्य. रसिकांनी वेळेवर उपस्थित राहावे.' मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. ड्रमरने लिहिलं, 'सुश्राव्य??????' तिने लिहिलं, 'आत्ताच्या आत्ता पुसायला सांग.' मी धडाधड टाइप करत सुटलो. अगं, विचार कर! फळा वाचून येणारी माणसं म्हणजे कोण? अनोळखी! दादरमधले सगळे अनोळखी! आपल्याला एकच पाहिजे ना?

मग तिचं आलं, 'बरं. राहू दे.'

आणि रविवारी ते आले ना! आमच्या आधी आले. आम्ही ड्रम्सच्या पेट्या ओढत आत गेलो तर पुढच्या सात-आठ रांगा भरलेल्या. पांढरे शर्ट, कापडी पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, एसीसाठी आणलेल्या शाली. काही बायकांनी गजरे माळले होते. आमची नेहमीची बँडवाली गँग नंतर आली, काळे टीशर्ट, कवट्याबिवट्या, आणि बिचारी मागे भिंतीला चिकटून उभी राहिली. ड्रमर पडद्याच्या फटीतून बघून माझ्या दंडाला चिमटा काढत म्हणाला, "मेल्या, ह्ये एवढे सगळे अनोळखी!" तिनेही बघितलं. माझा हात धरला. "आपण भरून टाकू हां आज," ती म्हणाली. इतकी खूश मी तिला त्याआधी बघितली नव्हती, त्यानंतरही नाही.

दीपप्रज्वलन झालं. नारळ फुटला. आम्हाला एकेक गुलाब मिळाला, ड्रमरने तो झांजेच्या स्टँडमध्ये खोचला. ऑफिसवाल्या काकांनी 'नवोदित' हा शब्द इतक्या वेळा म्हटला की तीच म्हणाली, आपण जुने होऊ तोपर्यंत. आणि मग वाजवलं.

पहिल्या ठोक्याला पुढची अख्खी रांग दचकली. खरंच, एकदम सगळ्या माना मागे. मग हळूहळू बोटं कानांकडे गेली, पण तीही किती सभ्यपणे, कानामागे खाजवल्यासारखं करून. गाणं संपलं. टाळ्या पडल्या, दादरमध्ये टाळ्या पडतातच. आणि टाळ्यांच्या आडून चार बायका उठल्या, कमरेत वाकून, हात जोडल्यासारखे करून, बाहेर.

आई दारात उभी होती, तिने मला नंतर सगळं सांगितलं. कुणी म्हणालं, "गोळीची वेळ झाली हो." कुणी म्हणालं, "मुलगी गोड आहे, पण भांडत का होती?" एक आजोबा आईलाच विचारत होते, ह्याला कुठला राग म्हणायचा. आई म्हणाली, "मलाही घरी हाच प्रश्न पडतो."

तर माझ्या लक्षात आलं की ही माणसं चालू गाण्यात उठत नाहीत. तसे संस्कारच नाहीत. दोन गाण्यांच्या मध्येच उठतात. मी सरकत सरकत ड्रमरकडे गेलो आणि ओरडलो, "गॅप देऊ नको! जोडून घे!" त्याला लगेच समजलं. दुसरं गाणं संपतंय न संपतंय तोच त्याने तिसरं चालू केलं. टाळ्यांना जागाच ठेवली नाही. तिला तार जुळवायला वेळ मिळेना, पाणी प्यायला मिळेना, ती माझ्याकडे बघून काय चाललंय असं विचारतेय, मी मान हलवतोय, गा, गा. लोक अर्धवट उठून परत बसत होते. वाटलं, धरलं ह्यांना! पण चौथ्या गाण्यात एका बाईंनी शाल उचलली आणि सरळ चालू गाण्यात उठल्या. झालं, मग काय, एकाने रीत मोडली की सगळ्यांना मोकळीक. शेवटच्या गाण्याला आलो तेव्हा पुढे नुसत्या खुर्च्या होत्या, आणि मागे भिंतीला आमचीच गँग, नेहमीसारखी, हाताची घडी घालून.

आणि तिसऱ्या रांगेत एक आजोबा.

पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, शेजारच्या खुर्चीवर पिशवी. पाठ ताठ. कानाला हात नाही, फोन नाही, झोपलेलेही नाहीत, मी नीट बघितलं. मी ड्रमरकडे बघितलं. त्याने मानेनेच सांगितलं, म्हातारो अजून बसलो हा. तिने बघितलं. आणि तिने लिफ्टचं गाणं पूर्णपणे त्या एका माणसाला म्हटलं. कसं म्हटलं ते मला लिहिता येत नाही, लिहून खोडलं दोनदा. तार उतरलेली होती, घसा बसत आला होता, हॉलच्या माइकवाल्याने न विचारता एको सोडला होता, तरीही. तेराला मी वाजवायचा थांबलो होतो. हे मला नंतर ड्रमरने सांगितलं.

गाणं संपलं. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. नीट, पुरत्या.

ती गिटार गळ्यात तशीच ठेवून स्टेजवरून खाली उतरली आणि तिसऱ्या रांगेत गेली. मी मागोमाग, वायरीत पाय अडकवत.

"आजोबा, आवडलं?"

"हो हो, छान. मेहनत घेता हो तुम्ही मुलं."

"तुम्ही शेवटपर्यंत थांबलात."

"थांबावं लागतं," आजोबा म्हणाले. "सातला नाट्यसंगीत आहे ना. गर्दी आत शिरली की ही जागा मिळत नाही. इथे एसीही बेताचा लागतो आणि स्टेजही दिसतं." त्यांनी पिशवीवर हात ठेवला. "ही हिची धरून ठेवलीय. येईलच आता."

तिने गळ्यातली गिटार मागे सारली. मग म्हणाली, "पण गाणी ऐकलीत ना?"

आजोबा चांगले होते. त्यांना खोटं बोलता आलं असतं, दुसरा कुणीही बोलला असता. ते म्हणाले, "आता तुला खोटं कशाला सांगू, बाळ. कानावर पडली."

"हो," ती म्हणाली. "थँक्यू हां, आजोबा."

ऑफिसवाले काका टाळी वाजवत आले, "चला, चला, स्टेज मोकळं करा, तबलेवाले आलेत."

बाहेर फुटपाथवर सामान उतरवून मी सुरू झालो. मी गप्प बसूच शकत नाही, हा माझा रोग आहे. "थांबला ना पण तो! तू काय म्हणाली होतीस? अनोळखी माणूस शेवटपर्यंत थांबला पाहिजे. थांबला! ऐकलं पाहिजे असं कुठे म्हणाली होतीस तू?"

ती हसली. "वकील हो तू." मग म्हणाली, "नको रे आता." तेही रागाने नाही, ताटात कुणी जास्त वाढत असलं की म्हणतो ना, तसं. ड्रमर गुलाब हातात घेऊन उभा होता, त्याला तो टाकायलाही जमत नव्हता.

तिने शब्द पाळला. मी महिनाभर मेसेज पाठवले, घरी गेलो, तिच्या आईसमोर नाटकं केली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती मस्त होती! ऑफिसला जायची, झुंबाचा क्लास लावला, कांदेपोहे खायला घालून मला म्हणायची, तू दुसरा बँड बघ ना, तुझा हात चांगला आहे. गिटार दिसायची नाही घरात कुठे. मी विचारलं नाही. ड्रमर गणपतीत एका बँजो पार्टीबरोबर वाजवून आला, म्हणाला रस्त्यावर हजार अनोळखी नाचले, पण मजा नाय आली रे. मी बेस कपाटावर ठेवला. बोटांवर जे घट्टे होते ते आधी सोलले, मग मऊ पडले, आता हात कुठल्याही माणसाचा वाटतो.

एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. पण आता गेल्याच महिन्यात माहीमला एका कॅफेच्या वरच्या खोलीत कॉलेजच्या पोरांची पहिली गिग होती. इंस्टावर दिसली. त्यातल्या एकालाही मी ओळखत नव्हतो, मुद्दाम तपासलं. ठरवलं, आपण जायचं. ह्यांचा अनोळखी माणूस आपण व्हायचं, शेवटपर्यंत थांबायचं, आणि ऐकायचं. संध्याकाळी ऑफिसातून सरळ गेलो, मागे उभा राहिलो. पोरं कच्ची होती, ड्रमर पळत होता, पण मराठीत गात होती! मी शब्दन् शब्द ऐकला, आईशप्पथ.

संपल्यावर त्यांचा गिटारवाला घामाघूम होऊन थेट माझ्याकडे आला. "दादा! तू आलास!"

"तू मला कसा ओळखतोस?"

"अरे, गिरणीतल्या खोलीत आम्ही तुमच्या सगळ्या गिग्सना यायचो ना. मी आणि तो आमचा ड्रमवाला. एकदम मागे उभे राहायचो. कुणाला ओळखत नव्हतो, मग तुमचं झालं की निघायचो."

"पण ताईने विचारलं होतं त्या दिवशी, कोण आहे नवीन..."

"ती 'पहिल्यांदा कोण आलंय' म्हणाली ना. आमची ती चौथी का पाचवी वेळ होती. मग हात कसा वर करणार?" तो हसला. "लिफ्टचं गाणं आम्हाला पाठ आहे, दादा. त्याच्यामुळेच मराठीत लिहायला लागलो. ताई नवीन काय करतेय सध्या?"

"थांब, तिलाच सांगतो," म्हणालो. धावत जिना उतरून खाली फुटपाथवर आलो आणि तिला फोन लावला. मला वाटलं, आता झालंच! अट पुरी झाली, कधीच झाली होती, फक्त आपल्याला कळलं नव्हतं! मी श्वास न घेता सगळं सांगितलं, मागे उभे राहायचे, शेवटपर्यंत थांबायचे, दोघं, एक नाही, दोन, आणि पाठ आहे त्यांना, अख्खं पाठ.

"हॅलो? ऐकतेयस ना?"

मग आवाज आला, आणि तो आवाज मी तिचा कधीच ऐकला नव्हता, स्टेजवर ओरडतानासुद्धा नाही.

"हे मला कशाला सांगितलंस रे?" ती म्हणाली. "मी नीट होते की. नीट झाले होते मी. कशाला सांगितलंस?"

"अगं, पण म्हणजे आपण परत..."

"नाही रे. मला आता गाता नाही येत." ती रडत होती. "तेव्हा येत होतं. तेव्हा होते ते तिथे, आणि मी बंद केलं."

फोन ठेवला तिने. वर दुसऱ्या बँडने साउंडचेक सुरू केला होता, नुसता बेस, एकच सूर, परत परत. तो पोरगा जिन्यात येऊन मला शोधत होता, "दादा, ताईशी बोललास का? काय म्हणाली?"